‘आणि’च्या पुढची सोळा पानं

चाचा,

तुमच्याशी असं कागदावर बोलायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. जे बोलायचं होतं ते आपण तुमच्या दुकानातच बोलून घेतलं होतं, अशी माझी समजूत होती. दोन महिन्यांपूर्वी ती समजूत गेली. तेव्हापासून रोज संध्याकाळी शटर ओढताना तुमच्यासाठी एक वाक्य मनात तयार होतं आणि घरी पोचेपर्यंत बिघडतं. म्हणून आज लिहायला बसलोय. ओळ न गाळता लिहिणार आहे. वाचताना ओळ गाळायची नाही, कंटाळा आला तरी नाही, हे मला तुम्हीच शिकवलंत. त्याचं आता हसू येतं, पण ते हसू चांगलं नाही.

झालं ते असं. शेवगावात हल्ली वाचनालयाच्या वरच्या खोलीत महिन्यातून एकदा आम्ही काही लोक जमतो आणि पुस्तकांवर बोलतो. निवृत्त मास्तर आहेत, वकील आहेत, एक औषधांचा दुकानदार आहे आणि त्यांच्यात पाण्याच्या जळलेल्या मोटारींत नवी तार भरणारा मी. आठवीत शाळा सुटलेला माणूस त्या खोलीत बसतो, आणि तो बोलायला लागला की वकील मोबाईल खाली ठेवतात, याचा मला अभिमान आहे आणि मी तो लपवत नाही. त्या दिवशी विषय होता पुस्तकांच्या मालिका आणि त्यांचे न मिळालेले शेवट. जो तो आपलं दुखणं काढत होता. कुणाचा तिसरा भाग छापलाच गेला नाही, कुणाच्या लेखकानं पाच भाग वाचायला लावून शेवटी सगळं स्वप्न होतं म्हणून सांगितलं. औषधवाला म्हणाला, मी आता शेवटचा भाग बाजारात आल्याशिवाय पहिला हातात धरत नाही, लेखकांना उधारीवर विश्वास द्यायचा नाही. सगळे हसले. मग मी उठलो.

मी आपली धरणाची मालिका सांगितली. डोंगरातल्या धरणाच्या कामावरचा ओव्हरसियर एका रात्री नाहीसा होतो, भिंतीवर फक्त त्याच्या चपला सापडतात, आणि तो मेला हे न मानणारी त्याची बायको चार भाग त्याला शोधत फिरते. चौथ्या भागाच्या शेवटी होडीनं नदी पार करून ती एका खोपटाच्या दाराशी येते. ‘तिनं कडीला हात घातला आणि’ – बस. पुढं काही नाही. पूर्णविरामसुद्धा नाही. मी त्या खोलीत ठासून सांगितलं की हा लेखकाचा भित्रेपणा होता, पण भित्रेपणातही कारागिरी होती. कारण या माणसानं प्रत्येक भाग असाच अर्ध्या वाक्यात तोडला होता आणि पुढचा भाग त्याच वाक्याच्या उरलेल्या अर्ध्यानं सुरू केला होता. खरा लेखक वाचकाला दाराबाहेर उभं करून जातो, असं माझं मत मी तिथं मांडलं. हे मत मी पंचवीस-तीस वर्षं मांडत आलोय. माझ्या हाताखाली शिकलेल्या पोरांनासुद्धा ते पाठ आहे.

मागच्या रांगेत एक बाई बसल्या होत्या, जिल्हा परिषदेच्या शाळेत नव्यानं बदलून आलेल्या, माहेर राजूरचं. त्या अगदी हळू म्हणाल्या, “पण काका, दार उघडतं की. तो असतो ना आत.”

खोलीतल्या सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी विचारलं, कुठं वाचलंत? त्या म्हणाल्या, त्यांच्या घरी चारही भाग आहेत, वडिलांनी नवेच विकत घेतलेले, कॉलेजात असताना वाचलेत. मी म्हणालो, ती पानं नंतर कुणीतरी लिहून चिकटवली असतील, असे प्रकार होतात. बाई वाद घालणाऱ्यांतल्या नाहीत. नुसतं बरं म्हणाल्या. सुट्टीला माहेरी जाऊन आल्यावर एका दुपारी त्या माझ्या दुकानात उभ्या. मी भरलेल्या मोटारीला व्हार्निश देत बसलेलो, हात चिकट. त्यांनी पिशवीतून चौथा भाग काढला, मूळ कव्हरासकट, आणि माझ्यासमोर उघडा धरला. “चिकटवलेलं नाही काका, एकाच दोऱ्यात शिवलंय. तुम्हाला यातलं कळतं, तुम्हीच बघा.” मला यातलं कळतं, कारण तुमच्या दुकानात बसून पाहिलेलं आहे. दोरा एकच होता, कागद एकच, टाइप एकच. ‘आणि’ हा शब्द एका फर्म्याचा, म्हणजे एकत्र घडी घालून शिवलेल्या पानांच्या जुडीचा, शेवटचा शब्द होता आणि त्याच्यापुढं आणखी एक पूर्ण फर्मा होता, सोळा पानांचा. शेवटच्या पानावर ‘समाप्त’. बाई पुस्तक ठेवून गेल्या. मी हात पुसले, पण पुस्तकाला लावले नाहीत.

तुमचं दुकान आठवतं. स्टँडच्या मागं पत्र्याचं, पुढच्या बाजूला भाड्यानं द्यायची पुस्तकं आणि मागं बायंडिंग. मी तेव्हा शेजारच्या गॅरेजात मोटार भरायला शिकत होतो. तुमच्या दुकानातून खळीचा वास यायचा, मैद्याची खळ आणि कीड लागू नये म्हणून त्यात मोरचूद. तुम्ही मला पहिलं पुस्तक दिलंत ते फुकट आणि त्याबरोबर एक दम. त्या पुस्तकाचं पान मी मुडपून आणलं होतं. तुम्ही ते बोटानं सरळ करत म्हणालात, “कागदाला बी हाड असतं रे. मोडलं की बसत न्हाई.” त्या दिवसापासून मी पान मुडपलेलं नाही, आणि माझ्या घरात कुणी मुडपलं तर मी जेवत नाही, हे माझ्या बायकोला विचारा. तुमच्याकडं येणारं प्रत्येक नवं पुस्तक तुम्ही उसवायचात, पुन्हा शिवायचात, तिन्ही बाजूंनी कापायचात आणि खाकी पुठ्ठ्यात घालायचात, भाड्याच्या पुस्तकाला शंभर हात लागतात म्हणून. पानांचे आकडे तळाशी छापलेले असले तर कापण्यात जायचे. मी एकदा विचारलंही होतं, आकडे का नाहीत. तुम्ही म्हणालात, स्वस्तातला छापखाना असेल. मालिकेच्या पुस्तकात मधेच एखाद्या पानाच्या खालच्या अंगाला कोऱ्या कागदाची पट्टी असायची. मला वाटायचं, पान फाटलं असेल, चाचांनी किती सफाईनं सांधलंय. मी त्या पट्ट्यांचं कौतुक करायचो, चाचा. तुमच्या तोंडावर करायचो.

चौथा भाग वाचून संपला तो बाजाराचा दिवस होता. मी पळत आलो. पाचवा कुठाय? तुम्ही दाभण खाली न ठेवता म्हणालात, “येईल की. लई घाई हाय तुला.” त्यानंतर दर बाजाराच्या दिवशी मी येत राहिलो. पाचवा आला का हे विचारून होईपर्यंत चहा यायचा, आणि मग आपला वाद सुरू. मी म्हणायचो, ओव्हरसियर मेला, लेखकानं सगळ्या खुणा ठेवल्यात. त्या रात्री सांडव्याचे दरवाजे उघडले होते, हे पहिल्याच भागात आहे. चपला भिंतीच्या आतल्या बाजूला होत्या, बाहेरच्या नव्हे. पाण्याची पातळी, वाऱ्याची दिशा, गळून पडलेला कंदील, सगळं मी कागदावर आकृती काढून दाखवायचो. तुम्ही चष्मा वर सरकवून आकृती निरखायचात, एखादी शंका काढायचात आणि शेवटी मान हलवून तेच म्हणायचात, जित्ता हाय तो. का, ते कधी सांगितलं नाहीत. मी म्हणायचो, चाचा, पुरावा द्या. तुम्ही हसायचात. मला वाटायचं, म्हाताऱ्याकडं पुरावा नाही, नुसती दया आहे.

त्या पावसाळ्यात मी भंडारदऱ्याला गेलो ते आठवतं ना? गोष्टीतलं धरण तेच असणार असं मी ठरवलं होतं. मालकाकडून सुट्टी मागून घेतली, एस्टीच्या तीन गाड्या बदलल्या, अंगावर एकच शर्ट, तो भिजलेला. सांडव्याखाली जाऊन मी वाहत्या पाण्यात लाकडाचे तुकडे सोडून पाहत होतो, कुठं अडकतात, कुठं वर येतात. तिथं गुरं घेऊन एक म्हातारा उभा होता. त्याला मी विचारलं, बाबा, इथं वरून माणूस पडला तर कुठं निघतो? तो घाबरला. “कोन बुडालं?” म्हणाला. मी म्हणालो, पुस्तकातला माणूस. तो म्हणाला, “मंग त्याला पुस्तकातच हुडका की. हितं कशाला भिजताय?” परत आल्यावर हे सगळं मी तुम्हाला सांगतोय, तुमच्या हातात चहाचा ग्लास आहे, आणि मी वाट बघतोय की तुम्ही आता मोठ्यानं हसणार. तुम्ही हसत नाही. ग्लास खाली ठेवता, मागं फळीकडं एकदा पाहता आणि म्हणता, “बराबर बोलला म्हातारा.” एवढंच. मग नवा विषय काढता.

त्या फळीवर ती सोळा पानं होती. हे मला आता कळतंय.

बाई पुस्तक देऊन गेल्यावर पुढचे आठ-दहा दिवस मी माझ्यात नव्हतो. माझं सगळं शिक्षण तुमच्या खाकी पुठ्ठ्यांवर झालेलं आहे, चाचा. शाळेनं मला अक्षरं दिली, बाकी सगळं तुम्ही. मग मी जे वाचलं त्यातलं किती लेखकाचं आणि किती तुमच्या सुरीचं? जी जी मालिका मी तुमच्याकडून वाचली ती आठवून मी जुन्या पुस्तकवाल्यांकडं, नगरला, वाचनालयात, मिळेल तिथून मूळ प्रत मागवायला लागलो आणि ताडून पाहायला लागलो. ज्या लेखकांची अर्ध्या वाक्यात तोडायची कला मी लोकांना समजावून सांगितली, त्यांतल्या एकानंही वाक्य तोडलेलं नाही. सगळे नीट पूर्णविराम देऊन थांबलेत. कारागिरी तुमची होती. मी एका बायंडरच्या सुरीवर साहित्याचा सिद्धांत उभा केला होता आणि तो वकिलांना ऐकवत होतो.

मग तुमच्या मुलीकडं गेलो. ती आता शिवणकामाचे वर्ग चालवते, घर नवं आहे, उजेडाचं. मला पाहून तिनं आधी पाणी दिलं, मग मी काही विचारायच्या आत आतून एक खाकी पुस्तक आणलं. दुकान मोडलं तेव्हा सगळं रद्दीत गेलं, अब्बांची आठवण म्हणून दोन-तीन ठेवली, म्हणाली. तो धरणाच्या मालिकेचा तिसरा भाग होता. सुरुवातीच्या पानांनंतर पट्टी होती, ठरलेल्या जागी. मी तिला विचारलं, ओली करू का? तिनं कपडा आणून दिला. मोरचुदाची खळ इतक्या वर्षांनीही घट्ट होती, पण मी घाई केली नाही, तांब्याच्या तारेवरचा जुना लेप काढतात तसा हळूहळू उचलला कागद. खाली छापलेलं होतं, ‘दुसरा भाग समाप्त’. म्हणजे तिसऱ्या भागाची सुरुवातीची पानं ही दुसऱ्याचा शेवट होती.

मुलीला यात काही नवल नव्हतं. म्हणाली, भाऊ, सगळ्या मालिकांना अब्बा असंच करायचे. एका भागाचा शेवटचा फर्मा काढून पुढच्या भागाच्या तोंडाला शिवायचे. नाहीतर गिऱ्हाईक एक भाग वाचून गप्प बसतं, परत येत नाही. मी म्हणालो, आणि चौथ्याचा? ती म्हणाली, चौथा आला त्यावर शेवटचा भाग असं कुठं लिहिलेलं नव्हतं, म्हणून सवयीनं काढून ठेवला पाचव्यासाठी. नंतर वाचला तेव्हा कळलं त्यांना, की गोष्ट संपली. “मग परत शिवला का नाही?” मी विचारलं. माझा आवाज चढला असावा, कारण आतली एक शिकाऊ मुलगी दारात येऊन बघून गेली.

“तुमीच यायचा ना दर बाजारला,” ती म्हणाली. “अम्मी रोज म्हनायची, देऊन टाका हो त्या पोराला, किती हेलपाटे घालतोय. अब्बा म्हनायचे, देतो, पुढच्या बाजारला देतो. एवढा शेवट वाचला की मंग तो कशाला येतोय.” मग ती हसली आणि सांगायला लागली की बाजाराच्या दिवशी रात्री जेवताना तुम्ही माझे पुरावे घरच्यांना ऐकवायचात. आज त्यानं वारा काढला. आज कंदील काढला. मी भंडारदऱ्याला जाऊन आलो त्या दिवशी म्हणे तुम्ही नीट जेवला नाहीत. पानं कुठायत आता, असं मी विचारलं, तर म्हणाली, अब्बा गेल्यावर अम्मीनं कपाटात ठेवली होती, घर बदलताना कुठं गेली कळलं नाही.

तिनं हे सगळं मला बरं वाटावं म्हणून सांगितलं. मला बरं वाटलं नाही. तुमच्या घरात माझ्यावर जीव होता हे मला तेव्हाही माहीत होतं, त्यासाठी पुरावा नको होता. मला नडतं ते दुसरंच. त्या दुकानात मी आयुष्यात पहिल्यांदा माणसासारखा वाद घातला होता. गॅरेजात मला कुणी विचारत नव्हतं, घरी मी कमावून आणत नव्हतो, आणि इथं एक जाणता माणूस चष्मा वर करून माझी आकृती पाहतोय, शंका काढतोय, मला उत्तर द्यायला लावतोय. त्या जोरावर मी पुढं सगळं केलं, दुकान टाकलं, चार लोकांत बोलायला शिकलो. आणि तुम्हाला उत्तर आधीच माहीत होतं. समोरच्याला उत्तर माहीत असताना घातलेला वाद हा वाद असतो का, चाचा? का नुसती करमणूक? पोराला खेळवतात तसं मला तीन-चार वर्षं खेळवलंत का? हे मला कोण सांगणार आता?

नगरच्या दवाखान्यात तुम्हाला शेवटचं पाहिलं तेव्हा मी उगीच, तुम्हाला बोलतं करावं म्हणून, विचारलं होतं, पाचवा येणार का हो चाचा? तुमच्या तोंडात दात नव्हते. तुम्ही माझा हात धरलात आणि म्हणालात, येईल. तिथं तरी सांगायचं होतं. गिऱ्हाईक जाण्याची भीती तिथं नव्हती. मी कुठं जाणार नव्हतो, तुम्ही जाणार होता. मी तुमच्या मातीला आलो, बाहेर उभा राहिलो, आणि त्यानंतर कित्येक वर्षं त्या लेखकाला शिव्या देत राहिलो. प्रकाशकाला तीन पत्रं टाकली, वाचकाची फसवणूक केलीत म्हणून. तो बिचारा लेखक कधीच मेला असेल. त्यानं आपलं काम पूर्ण केलं होतं.

तो शेवटचा सोळा पानांचा फर्मा मी अखेर परवा सकाळी वाचला, दुकान उघडायच्या आधी, हात धुऊन. तुम्हाला माहीतच आहे ते. तो आत जाळं विणत बसलेला असतो. आलीस, म्हणतो. ती पाणी मागते, पिते, घराची किल्ली त्याच्यासमोर ठेवते आणि निघते. तो स्वतःहून गेला होता. कुणी ढकललं नव्हतं, पाण्यानं नेलं नव्हतं. माझा एकही पुरावा उभा राहत नाही. बाईंना पुस्तक परत करताना मी सांगितलं, तुमचं बरोबर होतं, पुढच्या बैठकीत उठून तसं म्हणेन. त्या म्हणाल्या, राहू द्या हो काका. मी म्हणालो, राहू द्यायचं नाही. तेवढं मी करणार आहे.

हे पत्र पाठवायचं कुठं, हा प्रश्नच नाही, म्हणून मी पाकीट आणलेलं नाही. राग गेलेला नाही. तो जाईल असं वाटून लिहिलं, पण लिहून तो नीट कापून, शिवून ठेवल्यासारखा झालाय, बस. एक गोष्ट मात्र कुणाला सांगितलेली नाही. शेवटचं पान मिटलं तेव्हा मला तुमचा राग आला नाही, लेखकाचाही नाही. ओव्हरसियरची बायको परतताना नदी पायी उतरते, भाद्रपदात, लुगडं घोट्याच्या वर भिजत नाही. दुसऱ्या भागात लेखकानंच सांगितलंय की दसऱ्यापर्यंत धरणाचे दरवाजे उघडे असतात आणि त्या नदीत बैलसुद्धा घालत नाहीत. चूक आहे, साफ चूक. आणि मी खुर्चीवरून उठलो होतो, चपला पायात होत्या, स्टँडच्या मागं, तुमच्याकडं, जायला निघालो होतो.